कायमचं घरी येताना

आमच्या वाडीतला एक पोरगा अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत बेळगावला गेला. मे २०२५ मध्ये सीमेवर तोफा चालू होत्या तेव्हा तो तिकडेच होता. ऑगस्टात गणपतीला रजेवर आला. चतुर्थीच्या संध्याकाळी घरात आरती चाललेली, आणि बाहेर खळ्यात कुणीतरी लवंगीची माळ लावली. पोराच्या हातातलं तबक खाली पडलं. तो माजघराच्या भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला. आई म्हणाली, "प्रवासान दमलो असतलो." लोकांनी मान हलवली, आरती पुढे चालू झाली. मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो. काही बोललो नाही, निरांजन तेवढं विझवलं.

त्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीला पुरी होतात. त्याच्यासाठी, त्याच्या आईसाठी आणि अशाच इतर घरांसाठी हे लिहून ठेवतोय.

मी डॉक्टर नाही. १९९५ ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो, ऑपरेशन पराक्रममध्ये, म्हणजे पाकिस्तान सीमेवर फौज उभी केली होती तेव्हा, राजस्थानात दहा महिने मोर्च्यात काढले, पुढे राष्ट्रीय रायफल्समधून काश्मिरात कुपवाड्याला अडीच वर्षं, आणि २०१४ ला हवालदार म्हणून घरी. गाव सिंधुदुर्गात, आचऱ्याजवळ. आंब्याची चाळीस कलमं आहेत आणि रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या सामाईक जाळ्यात, एक वाटा आहे. घरी आल्यावर पहिली दोन वर्षं मी जे जे चुकलो, त्यातून शिकलेलं सांगतो.

जायच्या आधी

पहिलं काम बंदुकीचं नाही, नावाचं. आमच्याकडे लग्नात तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितात. मग शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि पलटणीत कारकुनाने ऐकलं ते तिसरं. नोकरीत असेपर्यंत कुणाचं काही अडत नाही. माणूस गेला किंवा पेन्शन आली की मात्र सगळं तिथेच अडतं. तेव्हा लग्न झालं, मूल झालं, की लगेच कंपनीच्या कारकुनाकडे जाऊन पार्ट टू ऑर्डर, म्हणजे घरच्यांची फौजेच्या कागदांवरची नोंद, करून घे, आणि आपल्या डोळ्यांनी स्पेलिंग वाच. माझ्या बायकोच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं. तेवढ्यासाठी निवृत्तीनंतर सात महिने फेऱ्या घातल्या. प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव, सगळं झालं.

नॉमिनी कोण, विम्याचे पैसे कुणाला, हे लिहून दे आणि घरी सांगून जा. आई म्हणेल अपशकुन. म्हणू दे.

आणि आई-वडिलांनो, त्याचा फोन लागला तर "खय आसस?" हे विचारू नका. त्याला सांगता येत नाही आणि खोटं बोलावं लागतं. त्यापेक्षा विहिरीचा पंप बिघडला, म्हैस व्याली, शेजारणीशी भांडण झालं, हे सांगा. कुपवाड्याला असताना बायकोने एकदा पंधरा मिनिटं फक्त फणस कुणी चोरले त्याची गजाल सांगितली. त्या रात्री संतरी ड्युटीवर मी तोच विचार करत होतो, की चोर कोण असेल. आठवड्यात दुसरं काही डोक्यात धरण्यासारखं नव्हतं.

रजा आणि घर

आता मुद्द्याचं. फौजी घरी येतो तो नोकरीभर रजेवरच येतो. साठ दिवस वार्षिक, तीस दिवस कॅज्युअल, तीही तुकड्यातुकड्याने. अग्निवीराला वर्षाला तीसच. रजेवर आलेल्याला सुरमई मिळते, पडवीतली आरामखुर्ची मिळते, त्याच्यासमोर भांडण काढत नाहीत, कर्जाचं सांगत नाहीत. घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं आणि तो आला की महिनाभर थांबल्यासारखं होतं.

मग एक दिवस तो काळी ट्रंक घेऊन कायमचा येतो, आणि दोन्ही बाजूंना वाटतं की हीसुद्धा रजाच. तीन आठवडे सुरमई. चौथ्या आठवड्यात बांगडा. दुसऱ्या महिन्यात त्याला कळतं की या घरात आपली जागा पाहुण्याची आहे, आणि पाहुण्याचा मान आता संपला. मला हे कळलं तेव्हा मी घर माझ्या हातात घ्यायला निघालो. साडेचारला सगळ्यांना उठवलं. पोरांच्या चपला ओळीत लावायला लावल्या. एका दुपारी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे मांडून ठेवले. बायको बाजारातून आली, बघितलं, म्हणाली, "बरा केलात. मसाल्याचो डबो खय ठेवलात ता आधी सांगा." मला सांगता आलं नाही.

म्हणून पहिल्याच आठवड्यात बायकोला, किंवा लग्न झालं नसेल तर आईला, एवढंच विचार: घरातलं कोणतं काम तुला नको झालंय? ते घे. माझ्या बायकोने सांगितलं, बँक आणि वीजबिल. मला वाटलं होतं ती बागेचं सांगेल. बाग तिला आवडत होती. मी पहिल्या दिवशी तीच तिच्याकडून काढून घेतली असती.

घरच्यांनी काय करावं? चौथ्या दिवसापासून त्याला घरातली खरी गोष्ट सांगायला लागा. किती कर्ज आहे, कुणाशी बोलणं बंद आहे, बापाला साखर निघालीय. लपवून ठेवलेलं नंतर कळलं की त्याला वाटतं, आपल्याला अजून बाहेरचाच धरतात.

आवाज

कोकण शांत आहे असं पर्यटक म्हणतात. पत्र्यावर रात्री दोन वाजता नारळ पडतो तेव्हा त्यांनी यावं. माझ्या पहिल्या महिन्यात तीन वेळा मी बिछान्यातून थेट जमिनीवर होतो. वानर हाकलायला बागेत सुतळी बॉम्ब लावतात, रानडुकरासाठी रात्री ठासणीची बंदूक वाजते, काळ्या दगडाच्या खाणीत दुपारी सुरुंग उडतो, आणि मृगाआधीचे गडगडाट वेगळेच.

यातलं बरंच आधी कळलं तर निम्मा त्रास जातो. आवाज मोठा आहे म्हणून अंग दचकत नाही, तो न सांगता येतो म्हणून दचकतं. मी शेजाऱ्याकडे जाऊन सरळ सांगितलं: वानरासाठी बार लावायच्या आधी एक हाळी दे. तो हसला नाही. अजूनही देतो. खाणीची वेळ विचारून घेतली. घरावर ओथंबलेल्या माडाचे नारळ उतरवून घेतले, हे तर माडावर चढणाऱ्या पाडेलीला सांगून एका सकाळीत होतं. गणपतीत फटाके खळ्यात नको, रस्त्यावर लावा, आणि लावताना ओरडून सांगा. शिमग्यात ढोल आधी लांबून ऐकू येतात, म्हणून ते मला कधी बाधले नाहीत.

झोपलेल्या फौजीला हात लावून उठवू नका. खांद्याला तर नाहीच. पायाकडे, दोन हात लांब उभं राहून नावाने हाक मारा. हे पोरांना पहिल्याच दिवशी शिकवा. माझ्या धाकट्याने एकदा गंमत म्हणून मागून डोळे झाकले, आणि पुढे काय झालं ते मी इथे लिहीत नाही. त्याचा हात पंधरा दिवस गळ्यात होता.

पहाटे साडेचारला जाग येणार. मोर्च्यात स्टँड-टू असतो, उजाडायच्या आधी सगळे हत्यार घेऊन आपापल्या जागी. अंगाला ती वेळ पाठ होते. झोपायचा आटापिटा करू नको, त्या तासाला काम दे. मी चूल पेटवून पाणी तापवतो. मग किनाऱ्यावर जातो.

शेतातला पाय

हे जरा लांबेल.

ऑपरेशन पराक्रम डिसेंबर २००१ ते ऑक्टोबर २००२ चाललं. लढाई झालीच नाही असं लोक म्हणतात. सुरुंग मात्र खरे पेरले होते. ते परत काढताना माझ्या जोडीदाराचा पाय गेला. तो पुण्याला आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये गेला. १९४४ पासूनचं ते केंद्र आहे. पाय बसवून मिळाला. पुढे खडकीला क्वीन मेरीज् टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये काम शिकला. ती संस्था १९१७ ची, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्यांसाठी काढलेली. आज तो माझ्यापेक्षा जास्त कमावतो. गंमत बघा, पाय त्याचा गेला आणि चालणं माझं थांबलं.

घरी आल्यावरच्या पहिल्या जूनमध्ये लक्षात आलं. नांगरलेल्या कुणग्यात, भाताच्या खाचरात, मला पाय टाकवेना. मोकळी माती दिसली की पाय हवेतच. बांधावर उभा राहून मी बायकांना तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढताना बघत होतो, आणि लोक म्हणत होते, पेन्शनवालो शेतात कशाक उतरतलो.

बापाने ओळखलं. त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाले, "माझ्या मागसून ये." ते अनवाणी पुढे, मी त्यांच्या पावलात पाऊल टाकत मागे. नेमकं असंच आम्ही सुरुंगाच्या पट्ट्यात चालत होतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. चार दिवस असं. मग चिखलणी झालेल्या कुणग्यात, गुडघाभर पाण्यात. चिखलात मातीच दिसत नाही, ते सोपं गेलं. मग कडेकडेने एकटा. श्रावणापर्यंत मी बेणणीला, तण काढायला, होतो.

रीत हीच आहे, कशाचीही भीती असो, गर्दीची, बसची, बाजाराची. आधी बांधावरून, मग कुणाच्या तरी मागून, मग एकट्याने. एका पायरीला दिवस लागतील तेवढे लागू देत. कुणी ओढून नेऊ नये, आणि "फौजी असान भियातस?" हे तर कुणी बोलूच नये.

"कितींका उडवलंस?"

हे विचारणारच. नाक्यावर, वऱ्हाडात, सलूनमध्ये. उत्तर आधी ठरवून ठेव, एका वाक्याचं, आणि लगेच दुसरा विषय. माझं ठरलेलं: "थंडी भारी होती. तुमच्या आंब्याला मोहर कसा आहे?" माणूस आंब्यावर बोलायला लागतो. कोकणातला माणूस आंब्यावर दोन तास बोलू शकतो.

सत्कार एकदा घे. शाल, श्रीफळ, शाळेत २६ जानेवारीला झेंडा. भाषण करू नको. दुसऱ्यांदा बोलावलं तर काम आहे म्हण.

पण कुणाला तरी सांगायला हवं. पलटणीतल्या जोडीदाराला दर रविवारी फोन कर. त्याला समजावून सांगावं लागत नाही.

माझे एक चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे तिथेच १० जुलै १९४४ ला बाविसाव्या वर्षी पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबा परत आले. आले ते घरात झोपलेच नाहीत, बागेतल्या मांगरात सहा वर्षं. जेवताना पाठ भिंतीला. लोकांनी ठरवलं, देवचार लागला. कोंबडा दिला, नारळ दिला. लहानपणी आम्ही त्या मांगराजवळून पळत जायचो. मी स्वतः पडवीत भिंतीला पाठ लावून झोपायला लागलो, तेव्हा मला ते कळले.

देवाला नावं ठेवत नाही मी. उलट एक सांगतो. मी आलो तेव्हा आईने मला देवळात नेऊन गाऱ्हाणं घालायला लावलं. गावकर म्हणाले, "झील सीमेवरसून इलो हा, तेच्या मनाक थारो दी रे म्हाराजा!" आणि पंधरावीस जण एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" ज्यांनी मला नाक्यावर नको ते विचारलं होतं, तेच. मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं. तुझ्या गावात पद्धत असेल तर नाही म्हणू नको. मात्र गाऱ्हाणं घातलं म्हणून डॉक्टर टाळू नको.

हाताला काम, आणि माणसांत

एकट्याने करायचं काम पहिल्या वर्षी घेऊ नकोस. वॉचमनची रात्रपाळी तर नकोच. मी एका सिक्युरिटी कंपनीत पाच महिने केली. अंधार, खुर्ची, आणि डोकं. कुपवाडाच पुन्हा, फक्त पगार कमी.

रापणीने मला बरं केलं असं बायको म्हणते. होडी जाळं टाकून येते, मग दोन्ही दोरांना दहावीस माणसं, पाय वाळूत रोवून ओढायचं. पुढे कोण, मागे कोण ठरलेलं. कुणी बोलत नाही, बोललं तर शिव्या. वाटा ठरलेला. मासळी मिळो न मिळो, चार तास अंग मोडतं आणि रात्री झोप लागते. पलटणीत सेक्शन असतो, इथे रापण. तुझ्या गावात रापण नसेल तर भजनी मंडळ असेल, दशावताराचं सामान उचलणारा गट असेल, क्रिकेटची टीम असेल. जिथे तुझी गैरहजेरी लगेच कळेल अशी जागा शोध.

आमच्याकडे गावपळण असते. दर तीनचार वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खा गाव, गुरं, कुत्री, कोंबड्यांसकट, तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. मी आल्यानंतरच्या पहिल्या गावपळणीत मी एका दुपारी नऊ झोपड्या उभ्या केल्या, चर खणून दिले, पाण्याची जागा ठरवली. लोक विचारायला यायला लागले, "हवालदारांनू, आमची बघा." पलटणीत शिकलेलं काहीतरी गावाच्या उपयोगी पडतं हे मला तेव्हा कळलं.

बाटली

कँटीनच्या रमसाठी तुझे मित्र अचानक वाढतील. देऊ नको. एकाला दिलीस की वाडीला द्यावी लागते. गोवा इथून जवळ, त्यामुळे तुझ्यावाचून कुणाचं अडत नाही. तुझ्यापुरता नियम: एकट्याने नाही, आणि झोप यावी म्हणून नाही. झोपेसाठी घेतलेली दारू झोप आणते आणि तीन वाजता उठवते, मग दुसरा पेला लागतो. मी दीड वर्ष त्या वाटेने गेलोय.

आपोआप जात नाही तेव्हा

दचकणं, वाईट स्वप्नं, चिडचिड पहिले काही आठवडे येणारच. महिना उलटला तरी तसंच असेल, वाढत असेल, माणूस खोलीबाहेर येत नसेल, हात उचलत असेल, किंवा "माझ्यावाचून तुमचं बरं चालेल" असं बोलायला लागला असेल, तर थांबू नका. शेवटचं वाक्य ऐकलं तर त्याच दिवशी उठा. त्याला एकटं सोडू नका. बागेच्या फवारणीची औषधं कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. बंदूक घरात असेल तर ती बाहेर.

१४४१६ हा टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. सिंधुदुर्गवाल्यांना ओरोसचं जिल्हा रुग्णालय आहे. आमच्याकडे "रत्नागिरीक धाडूक व्हयो" ही शिवी आहे, कारण तिथे जुनं मनोरुग्णालय. त्या शिवीपायी माणसं गोळी घेत नाहीत. मी घेतली, अकरा महिने. साखरेची घेतात तशी.

पैसे आणि कागद

अग्निवीरांनो, तुम्हाला चार वर्षांनी सेवानिधी मिळेल, व्याज धरून सुमारे ११.७१ लाख, करमुक्त. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस (माजी सैनिकांची वैद्यकीय योजना) नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. फार तर पंचवीस टक्के पुढे कायम होतात. तेव्हा हे पैसे आल्याचं गावाला कळायच्या आत सहा महिन्यांच्या ठेवीत टाक. तोपर्यंत येतील ते सगळे: भागीत जेसीबी घेऊ म्हणणारा भाऊ, समुद्राकाठची बिनवादाची जमीन दाखवणारा एजंट, होमस्टेवाला मित्र. बिनवादाची म्हणाला की सातबारा मागायचा आणि त्यावर नावं मोजायची. आमच्याकडे एका आंब्याला सत्तावीस वारस असतात.

गाडी चालवत असशील तर फौजेतलं लायसन्स सुटायच्या आधीच आरटीओत बदलायची चौकशी कर. स्किल सर्टिफिकेट मागून घे, न मागता द्यायला कुणी धावत येत नाही.

पेन्शनवाल्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून ओळखपत्र काढावं, ईसीएचएस कार्ड करावं, ग्रामपंचायतीत घरपट्टी माफीचा अर्ज द्यावा. केंद्राच्या गट क मध्ये माजी सैनिकांना १० टक्के आणि पूर्वीच्या गट ड मध्ये २० टक्के जागा आहेत. वयातून नोकरीची वर्षं अधिक तीन वजा होतात. हयातीचा दाखला दरवर्षी. विसरलात तर स्पर्श या फौजी पेन्शनच्या पोर्टलवरून पेन्शन थांबते, आणि आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला उन्हातून जावं लागतं.

डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, यांच्या पाच झेरॉक्स काढ, फोनमध्ये फोटो ठेव. मूळ प्रत काळ्या ट्रंकेत ठेवू नकोस. ट्रंक लडाखात चालते, जुलैत कोकणात तिच्या आतून पाणी सुटतं. माझ्या बुकाच्या दुसऱ्या पानावर हिरवी बुरशी आहे, शिक्का कुठला आणि बुरशी कुठली हे ओरोसच्या कारकुनाला अजून कळलेलं नाही. तांदळाच्या पिंपात ठेव, जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि कुठे ठेवलंस ते बायकोला सांग.